फिटची वाट पाहताना

तुमच्या आतेबहिणीच्या डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हा दोघांना फोनवर मी एवढंच सांगितलं होतं, की सगळं नीट पार पडलं. तुम्ही लहान होतात आणि इतक्या लांब बसून काळजी करण्यापलीकडे तुम्हाला काही करता आलं नसतं. आता तुम्हीच विचारता आहात, तर सगळं पहिल्यापासून सांगते.

तिला बालवाडीत असल्यापासून फिट यायच्या. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, बदलली, वाढवली. थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा सुरू. त्यामुळे तिला कधी एकटं सोडलंच नाही. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, जिना उतरताना कुणाचा तरी हात धरायचा, सायकलचं तर नावच काढायचं नाही. तुमची आत्या भाजी चिरायला बसली तरी तोंड लेकीकडे करून बसायची. पाचवीतल्या मुलीला या पहाऱ्याचा राग येणारच. "आजी, मी काय चोर आहे का?" असं तिने मला एकदा विचारलं होतं.

शेवटी इथल्याच डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथल्या हॉस्पिटलात फिट येणाऱ्या मुलांची ऑपरेशनं होत आणि त्यावर संशोधनही चाललेलं असे. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून स्कॅन दाखवला. मेंदूच्या उजव्या बाजूला एक पुसटसा डाग होता. तेवढा भाग जन्मापासूनच नीट घडलेला नव्हता. फिट तिथूनच सुरू होत असेल, तर तो भाग काढता येईल आणि फिट कायमच्या थांबण्याची चांगली आशा आहे. पण त्या दोन्ही बाजूंनी उठत असतील, तर ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. मग छातीपाशी कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवायचं, ते मानेतल्या नसेला अधूनमधून हलका वीजप्रवाह देतं. त्याने फिट कमी होतात, पण बहुतेक मुलांच्या पूर्ण थांबत नाहीत.

"कोणत्या मुलाला ऑपरेशन लागू पडेल आणि कोणाला यंत्र, हे अजून आम्हीही शिकतोच आहोत," त्या म्हणाल्या. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं.

मी घरून बरंच वाचून गेले होते आणि एकामागून एक प्रश्न विचारत होते. शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. विहीणबाई म्हणजे तुमच्या आत्याच्या सासूबाई, माळशिरसच्या. नातीसाठी शेतातलं सगळं टाकून आल्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डाक्टरीनबाईंची परीक्षा घ्यायला आला होता व्हय, विहीणबाई? पास केलं का न्हाय?"

"काठावर पास," मी म्हटलं.

फिट कुठून उठते ते कळण्यासाठी ती येताना पाहावी लागते. म्हणून मुलीला एका खोलीत ठेवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, वर पट्टी बांधली. छताला कॅमेरा. तिची औषधं हळूहळू कमी केली आणि आम्ही फिट येण्याची वाट पाहत बसलो. इतकी वर्षं जी येऊ नये म्हणून जीव मुठीत धरला, तिचीच वाट. विहीणबाईंना हे काही केल्या पटेना. "आजवर देवाला म्हनलं, येऊ देऊ नको. आता म्हनायचं, येऊ दे? देव म्हनंल, म्हातारीला याड लागलं."

तिथल्या तंत्रज्ञ मुलीने आम्हाला नीट समजावलं होतं. फिट आली की बटण दाबायचं, पांघरूण काढायचं, मुलीशी बोलायचं, आणि काही झालं तरी कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही. आम्ही तिघींनीही माना डोलावल्या.

फिट आली ती दुपारी. तुमची आत्या चहा आणायला खाली गेली होती. मी खुर्चीतून उठून बटण दाबेपर्यंत विहीणबाई पलंगाशी पोचल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर ओढला, नातीला पायापासून तोंडापर्यंत झाकलं आणि वर आपण पाखरासारख्या वाकून राहिल्या. मी "अहो, सरका, सरका" म्हणत राहिले, त्यांच्या कानापर्यंत काही पोचलं नाही.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्यांच्याकडे मुलीला फिट आली की बायका आधी हेच करतात. लोकांच्या नजरेला पडू द्यायचं नाही, नाहीतर गावभर होतं आणि पुढे लग्नाला अडतं. घरात, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, विहीणबाईंनी नातीला असंच झाकलं होतं. तो हात आता विचारून थोडाच उठणार होता?

डॉक्टरबाई चित्रण पाहून खोलीत आल्या. "आजी, कॅमेऱ्यात फक्त तुमचं हिरवं लुगडं दिसतंय. तारांच्या आलेखावरही हालचालीचाच गोंधळ उमटलाय. आधी कोणता हात वाकडा झाला, ते कसं कळणार?"

तुमच्या आत्याच्या हातातला चहा तसाच राहिला. ती खोली आम्हाला ठरावीक दिवसच मिळालेली होती, आमच्यामागे दुसरी मुलं थांबली होती. दुसरी फिट आली नसती, तर काही न ठरवताच परत यावं लागलं असतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण तुमची आत्या सासूजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी असते तर मीही हेच केलं असतं."

"तू न्हाय केलं असतंस," विहीणबाई म्हणाल्या. "तू शिकल्याली हाईस. उगं माझी समजूत काढू नगंस."

मग मुलगीच पलंगावरून ओरडली, "भांडू नका गं, मला भूक लागलीये!"

पुढची फिट खोली सोडायच्या आदल्या सकाळी आली. ती उपमा खात होती. चमचा खाली पडला. या वेळी तुमची आत्या जागच्या जागी थिजली आणि मी बटण शोधत राहिले. विहीणबाईंनी एका हाताने ताट बाजूला ठेवलं, दुसऱ्याने चादर ओढून टाकली आणि सरळ भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. तिथूनच हाका मारू लागल्या.

"बाय, हिकडं बग. मी कोन हाय? सांग की, मी कोन?"

तिच्या डाव्या हाताची बोटं आखडत होती, तोंड डावीकडे ओढलं जात होतं. आणि त्यातूनच ती म्हणाली, "माळशिरसची आजी."

सगळं शांत झालं तेव्हा विहीणबाई भिंतीशीच खाली बसल्या. डॉक्टरबाई जवळजवळ धावतच आल्या. आधी डावा हात, म्हणजे सुरुवात मेंदूच्या उजव्या बाजूने, कारण डावा हात तीच चालवते. फिट चालू असताना बोलली, म्हणजे मेंदूतली बोलण्याची जागा त्या भागापासून दूर, सुरक्षित. आणि तारांचा आलेखही त्या पुसट डागाकडेच बोट दाखवत होता. "ऑपरेशन करता येईल," त्या म्हणाल्या. तुमची आत्या तेव्हा पहिल्यांदा रडली.

निघण्याआधी त्यांनी विचारलं, की हे चित्रण संशोधनासाठी वापरलं तर चालेल का? नाव येणार नाही, पण चेहरा दिसेल, इतर डॉक्टर पाहतील. तुमच्या आत्याने सासूकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता अडणार.

"बगू द्या की," विहीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या लेकरांचं भलं हुईल. आनि माझं लुगड्याचं बी दाखवा. म्हनावं, असं करू नगा."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बसलो होतो. सर्जन आले, मास्क खाली केला आणि हसले. अतिदक्षता विभागात आत सोडलं तेव्हा मुलगी म्हणाली, "डोकं खाजतंय." इतकं सुंदर वाक्य मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. डावा हात मात्र काही आठवडे जड होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बारीक कामं करायला सांगितलं, तर विहीणबाईंनी शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांचं पोतंच पाठवून दिलं. डाव्या हाताने शेंगा फोडून फोडून तिने घरात चटणीचा कारखाना काढला. आम्ही सगळे खाऊन कंटाळलो, पण हात सुधारला.

तेव्हापासून फिट आलेली नाही. गोळ्या अजून आहेत, पण डॉक्टरांनी त्या बऱ्याच कमी केल्या आहेत, आणि सायकललाही परवानगी मिळाली आहे.

संशोधनातली एक मुलगी अधूनमधून पुण्याहून फोन करून चौकशी करते. परवा तिचा फोन आला तेव्हा घरी मीच होते. झोप, शाळा, हाताची ताकद, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तिच्याशीच जरा बोलू का, आजी? कुठे आहे ती?"

"सायकल घेऊन गेलीये," मी म्हटलं. "कुठे, ते मला माहीत नाही."

फोन ठेवला आणि मी वर्तमानपत्र वाचत बसले.