पत्रकांचा पतंग

जुनी पत्रकं तुमच्या घरी कशासाठी वापरतात?

आज सभेची पत्रकं भिंतीवर लावायला मी खळ शिजवली आणि त्या वासानं पोलीस ॲक्शननंतरची पहिली संक्रांत आठवली. निजामाच्या राज्यात काकांनी लिहिलेली पत्रकं मी दप्तरात लपवून औरंगाबादभर पोहोचवली होती. उरलेला गठ्ठा त्यांनी मला पतंगासाठी देऊन टाकला.

पिशोरची आमची जमीन कसणारा भिकामामा अंगणात खराट्याच्या काड्या वाकवत होता. कागदाला खळ लावता लावता त्यानं विचारलं, "ताई, काय लिहिलंय गं यावर?"

"कसेल त्याची जमीन."

तो ओट्यावर बसलेल्या काकांकडे वळला. "व्हय मालक? मग आमची कवा?"

काका हसले. "अरे, ते निजामाला घाबरवायला छापलं होतं. तू पतंग चिकटव."

भिकामामानं मान खाली घालून चिकटवला, दोऱ्याची कन्नीसुद्धा नीट बांधून दिली. मी तो उडवला नाही. त्याच ओळीसाठी मी दप्तर घेऊन शिपायांसमोरून चालले होते.

जमीन अजून काकांच्याच नावावर आहे. तुमच्या माळ्यावर असं एखादं पत्रक असेल, तर खाली काढा आणि ज्यानं लिहिलं त्याला जेवताना मोठ्यानं वाचून दाखवा.