एकशे बारा पानांसाठी नागपूर

नागपूरला लोक संत्र्याची बर्फी घ्यायला जातात, सावजी खायला जातात, नाहीतर ताडोब्याच्या वाटेवर एक रात्र थांबतात. मी एका पुस्तकासाठी गेलो. आणि तेही स्वतःला वाचायचं म्हणून नाही.

झालं असं की कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मृणालचा मेसेज आला. ते कॉलेज मी तिसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडून सोडलं, पण ग्रुपमधून मला काढायचं कोणाला सुचलं नाही. मृणाल आता पुण्याला एम.ए. करते, पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर तिचा प्रबंध आहे. तिला 'गावतळ्यांची नोंद' नावाचं पुस्तक हवं होतं. फार वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी गावोगाव पायी फिरून लिहिलेलं. नेटवर शोधलं तर नुसतं नाव येतं, आत एक पान नाही.

तिने विचारलं सगळ्यांना होतं, मला एकट्याला नाही. आमचं शेवटचं बोलणं दीड वर्षापूर्वीचं. तेव्हा ती म्हणाली होती, "तू फक्त भांडणं पूर्ण करतोस, बाकी सगळं अर्धवट सोडतोस." त्यावर मी तिच्याशी भांडलो, आणि तेही पूर्ण केलं.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. ज्या ग्रंथालयांच्या याद्या नेटवर होत्या त्या चाळल्या, ज्यांच्या नव्हत्या त्यांना फोन लावत सुटलो. सातव्या फोनवर एक बाई म्हणाल्या, "आहे. पण पाहाले इथं यावं लागते."

पहिला दिवस

हिंगणघाटहून सकाळी साडेसहाची एसटी धरली. तिकीट दीडशेच्या आत, खिडकी मिळाली तर डावीकडची घ्या, ऊन लागत नाही. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमागे आमची बस रांगत होती. जाम गावच्या चौफुलीवर चहा झाला आणि मग रस्ता मोकळा. दोन तासांत गणेशपेठ.

स्टँडवर उतरताच रिक्षावाला आडवा आला. "धंतोली का, भाऊ? पेशंट कुठं आहे?"

विदर्भातल्या गावांतून सकाळच्या गाडीने येणारा माणूस धंतोलीच्या दवाखान्यातच जाणार, हे त्याने धरलेलं. मी म्हटलं, "मीच आहे." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग चालत जाय, चांगला तर दिसून राहिला."

चालत कॉटन मार्केट स्टेशन, तिथून मेट्रोने कस्तुरचंद पार्क. मेट्रोआधी तर्री-पोहे खाऊन घ्या. तर्री दुसऱ्यांदा मागायला लाजू नका, देतात. आणि दुपारी ग्रंथालयात झोप येईल हे धरून चाला.

ग्रंथालय सदर भागातल्या आतल्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर. पाटी रंग उडालेली. आत पाहतो तर हॉल खचाखच! मला वाटलं, अरे वा, एवढे वाचक! जवळ गेल्यावर कळलं, सगळे स्पर्धा परीक्षेवाले. प्रत्येकाची स्वतःची पुस्तकं, स्वतःची पाण्याची बाटली, कानात हेडफोन. जिथे माणूस नव्हता तिथे खुर्चीवर बॅग बसली होती. कपाटांकडे सगळ्यांची पाठ.

"सीट नाही," टेबलामागच्या बाई मान वर न करता म्हणाल्या. याच कुंदाताई, इथल्या ग्रंथपाल. फोनवरचा आवाज यांचाच.

"सीट नको. पुस्तक पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. "पुस्तक?"

आधार कार्ड पाहून त्यांनी रजिस्टरमध्ये सही घेतली. पेन धरलेल्या माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. "अंगठ्याले काय झालं गा?"

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, दोन फाकांत वाढतं. "सायकलची चेन बसवताना कापला होता."

"तुया सायकलची?"

"नाही," म्हणत मी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी आतल्या कपाटाला किल्ली लावली.

पुस्तक हातभर लांब कापडात बांधलेलं. पानं चहाच्या रंगाची, कोपरे बोटाला चिकटून यायला तयार. मी लगेच मोबाईल काढला.

"फोटो नाही."

"का?"

"नियम आहे. इथं बसून वाचाचं."

आणि माझं डोकं फिरलं. ज्ञान काय कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू आहे का? जग कुठे चाललंय, सगळं सगळ्यांना खुलं पाहिजे, तुम्ही लोक पुस्तकावर नाग होऊन बसता! हे मी हॉलमध्ये, मोठ्याने. पंचवीस हेडफोन एकदम निघाले. शेवटी म्हणालो, "मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकीन!"

"टाक," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "उत्तर मलेच लिहाचं आहे."

कोणीतरी खुदकन हसलं. मी दार आपटून खाली आलो. शिंप्याच्या ओट्यावर बसलो आणि एसटीचं वेळापत्रक काढलं. साडेबाराची होती. ती धरली असती तर अंधार पडायच्या खूप आधी घरी पोचलो असतो आणि एक भांडण आणखी पूर्ण झालं असतं.

पंधरा मिनिटांनी परत वर गेलो. म्हणालो, "चुकलं माझं."

"बस. जेवला का?" त्यांनी डबा उघडून अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली. मग नियम का झाला ते सांगितलं. पूर्वी एकाने इथल्या एका जुन्या पुस्तकाचे सगळे फोटो काढून नेले. आता ते कुठल्याशा साइटवर आहे आणि वाचायचं तर आधी पैसे भरा. "आम्ही फुकट दाखवलं, अन् त्यानं दुकान मांडलं. आमचंच पुस्तक पाहाले आम्हाले पैसे! तुले वाटते मले कुलूप आवडते?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

त्या म्हणाल्या, "मास्तरांची मुलगी धरमपेठेत राहते. पुस्तकावर हक्क तिचा. तिनं लिहून देलं तर मी स्वतः पुस्तक धरून बसते. काहून पाहून राहिला माह्याकडे? जाय."

सीताबर्डीला मेट्रो बदलून शंकरनगरला उतरलो. मास्तरांच्या मुलीचं, म्हणजे सुमनकाकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत कढीपत्ता. वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र वर्गातल्या बाईंसारखा. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चिवडा दिला, मग विचारलं, "कोणासाठी पाहिजे?"

"एक मैत्रीण आहे. तिच्या अभ्यासासाठी."

"फक्त तिच्यासाठी?"

मी हो म्हणून मान हलवली. खरं सांगतो, माझ्या डोक्यात पूर्ण चित्र तयार होतं. जगात कोणाकडे नसलेलं पुस्तक मी तिला एकटीला पाठवणार. खाली एक ओळसुद्धा लिहिणार नाही. तिला कळेल.

काकू म्हणाल्या, "बाबांनी स्वतःची सायकल विकून हे छापलं आणि फुकट वाटलं. रस्त्यात भेटेल त्याला. घरात एक प्रत ठेवली नाही, म्हणून आई बोलायची. एकट्या माणसासाठी मी सही करणार नाही. सगळ्यांना वाचता येईल असं ठेवणार असशील तर कागद आण."

सगळ्यांना. म्हणजे पुण्यातल्या तिच्या वर्गातल्या त्या उंच, चष्मेवाल्या मुलालाही, जो तिच्या प्रत्येक फोटोत असतो. मग माझं काय राहिलं त्यात? चिवड्याची बशी खाली ठेवली. तरी कागद काढला. काकूंनी सावकाश, वळणदार अक्षरात सही केली. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्रेचाळिसावं पान वाच. त्यात मी आहे."

मुक्काम मेडिकल चौकात मित्राच्या रूमवर. फुकट, पण डास आहेत.

दुसरा दिवस

ज्यांना असं जुनं पुस्तक मोबाईलवर घ्यायचंय त्यांच्यासाठी कुंदाताईंची पद्धत सांगतो. पुस्तक सपाट उघडायचं नाही, कणा मोडतो. दोन्ही बाजूंना दोन जाड शब्दकोश ठेवून अर्धंच उघडायचं, एका वेळी एक पान. फ्लॅश बंद, टेबल खिडकीपाशी. पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्यातून. आणि दर पानाला त्यांचं पालुपद, "बोटं बाहेर. लोकाईले तळी पाहाची आहे, तुये हात नाही."

खिडकीपाशी जागा नव्हती. काल हसलेला मुलगा आपली बॅग उचलून म्हणाला, "बस भाऊ. आरटीआयवाला ना तू?"

एकशे बारा पानं. प्रत्येक पानावर एक तळं: कोणत्या गावात, कोणी बांधलं, पाळीवर, म्हणजे बांधावर, झाडं कोणती, मासे कोणते, गावातल्या बाया त्याला काय म्हणतात. साठाव्या पानापर्यंत मी चिडलेला होतो. नंतर नव्हतो, कारण वाचू लागलो होतो. मास्तर कुठेच घाई करत नाहीत. कोणी उत्तर दिलं नाही तर 'उद्या पुन्हा विचारीन' असं लिहितात, आणि पुढच्या परिच्छेदात उत्तर असतं.

संपवून पुन्हा मागे, त्रेचाळिसाव्या पानावर गेलो. फोटो घेताना तिथेच थोडा रेंगाळलो होतो. पुन्हा वाचलं, आणि पुस्तक कापडात बांधून दिलं.

ठरलं असं की फाइल मी कुंदाताईंना पाठवायची, त्या ती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एका संग्रहावर चढवणार, सोबत काकूंच्या पत्राचा फोटो. गणेशपेठ स्टँडवर बसलो, फाइल तयार केली. व्हॉट्सॲपमध्ये दोन नावं वर-खाली होती. मृणाल. कुंदाताई. मृणालला आधी पाठवली असती तरी कोणाचं काय बिघडणार होतं? दोन बस सोडल्या. मग कुंदाताईंना पाठवली. फक्त त्यांना. मृणाल नेटवर शोधत होतीच. शोधेल, सापडेल. सगळ्यांना सापडतं तसं.

परतीच्या बसमध्ये वाटलं, आपण गाढव आहोत. जाम आलं तरी तेच वाटत होतं.

घरी

चौथ्या दिवशी ग्रुपवर मृणालचा मेसेज: 'मिळालं!! कोणीतरी अख्खं पुस्तक टाकलंय, तेही फुकट. ज्याने टाकलं त्याचं भलं होवो.' खाली बारा जणांनी फुलं टाकली. माझं भलं व्हायला सुरुवात झाली असं मी समजलो आणि फोन उलटा ठेवला.

तासाभराने पुन्हा वाजला. या वेळी मृणालचा मेसेज ग्रुपवर नव्हता, थेट मला होता.

'त्रेचाळिसावं पान.'

मी संग्रहावर जाऊन ते पान उघडलं. खालच्या कडेला, शेवटच्या ओळीवर, एक अंगठा. नख मधोमध चिरलेलं.

ती लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. मग आलं, 'अजून दुखतं का?'

'थंडीत,' मी लिहिलं.

'त्या अंगठ्याखाली काय लिहिलंय? मला ते तळं हवंय.'

ती ओळ मला पाठ होती. पाठवली: 'येथे आमची सुमन पाय घसरून पडली. पाणी गुडघाभर होते, आणि गोड.'

मग एवढंच, 'पूर्ण पुस्तक केलंस तू.'

केलं नव्हतं. एक ओळ अजून माझ्या अंगठ्याखाली होती, आणि ती फक्त तिला कळून भागणार नव्हतं. कुंदाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दिसला मले तो अंगठा, फाइल आली त्याच दिवशी. मुद्दाम ठेवला थोडे दिवस, म्हटलं, सायकल ज्याची त्याले दिसू दे. आता ये अन् नीट काढून जाय."

सोमवारी साडेसहाची एसटी आहे.