पाच किलो वजन आणि माझी मान

मान माझी मोडली नाही, नुसती लचकली. रेल्वे फाटकाशी आमची गाडी उभी होती, तिला मागून ट्रकनं ठोकलं. गाडी आमचे हे चालवत होते. खाली उतरले, डिक्की चाचपली आणि म्हणाले, "काही नाही झालं वं." बाजूला मीही बसले होते, पण माझी चौकशी घरी आल्यावर झाली. दुसऱ्या दिवशी मान वळेना. कोणी हाक मारली की अख्खी मीच वळायची.

डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि घरच्या घरी मान ताणायला सांगितलं. दाराला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला माझी हनुवटी आणि दुसऱ्याला बरोबर पाच किलो. यांचं इतवारीत धान्याचं दुकान. "घरचं असताना विकत काहून आणाचं?" म्हणत दुकानातलं लोखंडी वजन घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं बांधलं. एवढी सेवा लग्नानंतर पहिल्यांदाच झाली.

आता सांगायला हरकत नाही. दुकानात वजनांचे दोन जोड होते. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा जोड जड, पोटात शिसं ओतलेला. गिऱ्हाइकाला द्यायचा जोड हलका, पोट पोखरलेला. मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि तोंडातून मी कधी ब्र काढला नव्हता.

चार दिवसांत जबडा ठणकायला लागला, दुखणं खांद्यात उतरलं. डॉक्टर घरी आले, तर हेच पुढे होऊन म्हणाले, "बायकाईची मान नाजूकच राह्यते, साहेब." डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, ताण पुरत नसेल, उद्यापासून सहा किलो लावू. मी पट्ट्यातूनच डोळे फिरवून यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"अहो," मी म्हटलं, "हे घ्याचं आणलं का द्याचं?"

हे कॅलेंडरालाच म्हणाले, "घ्याचं."

डॉक्टरांना काही कळेना, म्हणून मीच सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आधी दोरी सोडली. मग विचारलं, "आणि मी तुमच्याकडून गहू नेतो तो?"

"तो द्यायच्या वजनानं," मी म्हटलं.

त्या दिवशी खरं पाच किलो शेजारच्या दुकानातून आलं आणि मान महिन्याभरात सुटली. वजनांचा राग मी कुठल्या तोंडानं धरणार होते? इतकी वर्षं त्यांवर आमचंच घर चाललं होतं. पण डॉक्टर सहा म्हणाले, तेव्हा हे गप्प राहिले. ते मी अजून विसरलेले नाही.