वायकाटोकाठचा पाळणा

ऑकलंडच्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या बाई माझ्याकडे पाहून "वेलकम होम" म्हणाल्या, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे ते मलाच होतं! ज्या देशात जन्मात पाऊल ठेवलं नाही, तिथे माझं घरी आल्याबद्दल स्वागत. मला इतकं हसू फुटलं की शेवटी त्या बाईही हसायला लागल्या.

याचं सगळं श्रेय आईचं. माझे आजोबा दूधधंद्यातले इंजिनिअर. लग्नानंतर आजीला घेऊन ते काही काळ इथे हॅमिल्टन गावात कामाला आले होते आणि आई तिथल्या दवाखान्यात जन्मली. पाय फुटायच्या आत ती पुण्याला परतलीसुद्धा. पण जन्म तो जन्म. आई इथली म्हणून लेकीलाही इथे राहायचा, काम करायचा हक्क मिळाला आणि दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीही. भारताचा पासपोर्ट परत करताना मी तो दोनदा मागे ओढून घेतला, खोटं कशाला बोलू? पण बाकी वेळ मी हवेतच होते. "तू नुसती जन्मलीस आणि लॉटरी मला लागली," असं मी आईला रोज चिडवत होते.

ज्या आईमुळे हे सगळं, ती मात्र यायला तयार नव्हती. निघायच्या दिवशी माझ्या बॅगेत मेतकुटाची पिशवी कोंबता कोंबता म्हणाली, "तू जा. मला त्या गावातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवणी होत्या त्या तुझ्या आजीच्या, त्या तिच्याबरोबर गेल्या. मी तिथे कोण म्हणून येऊ?"

मी बॅगेची चेन ओढून बंद केली. विमानात बसल्यावर मात्र मी मनाशी ठरवलं की नोकरी होईल तशी होईल, पण हिला तिथे आणायचंच.

सामान तपासणाऱ्या तरुणानं माझी बॅग उघडली. या देशात बाहेरचं बी-बियाणं येऊ नये म्हणून फार काळजी घेतात. मी शहाण्यासारखं सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

"हे काय?"

"मेतकूट. भाजलेल्या डाळींचं पीठ."

"आणि हे?"

"थालीपिठाची भाजणी. भाजलेल्या धान्यांचं पीठ."

"हे?"

"सातू. म्हणजे... भाजलेलं पीठच."

त्यानं एक सुस्कारा सोडला. "तुमच्याकडे न भाजलेलं काही आहे का?"

नव्हतं. त्यानं सगळं जाऊ दिलं. मेतकुटाचा वास मात्र दोनदा घेतला.

पहिला आठवडा ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला, माझ्या कॉलेजातल्या केतकीकडे काढला. तिची छोटी लेक माझं मराठी नीट ऐकून घ्यायची आणि चोख इंग्रजीत उत्तर द्यायची. रविवारी केतकीनं मला अवोन्डेलच्या बाजारात नेलं. मी चांगली सँडल घालून निघाले, तशी म्हणाली, "अगं, जँडल्स (रबरी स्लिपर) घाल. इथे बँकेतसुद्धा चालतात." बाजारात अळूच्या पानांचे भारे, मेथी, ओळखू न येणारे कंद आणि चक्क कढीपत्ता! सामोआ बेटांवरच्या एका धिप्पाड मावशींकडून मी कोथिंबीर घेतली आणि सवयीनं वर चार मिरच्या मागितल्या. त्या आधी गोंधळल्या, मग खो खो हसल्या आणि मिरच्यांऐवजी मला एक मिठी दिली. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तर मिठी मिरच्यांपेक्षा परवडली.

हॅमिल्टनला बसनं गेले. वाटेत टेकड्या, गाई, पुन्हा टेकड्या, पुन्हा गाई. इतकं हिरवं की डोळे मिटले तरी हिरवंच दिसत होतं. पोचल्या पोचल्या वायकाटो नदी बघायला धावले. रुंद, गर्द पाण्याची, जोरात वाहणारी आणि तरी आवाज न करणारी. काठावर उभं राहून आईला व्हिडिओ कॉल केला. "छान आहे," ती म्हणाली आणि लगेच, "स्वेटर का नाही घातलास?" विषय संपला.

कामावर पहिल्याच दिवशी नचिकेत भेटला. हा मूळचा डोंबिवलीचा, इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. त्यानं मला घाबरवून सोडलं. "शुक्रवारी तुझं स्वागत आहे. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीचं. तुला पेपेहा सांगावा लागणार."

पेपेहा म्हणजे आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगून करून द्यायची ओळख. स्वतःचं नाव अगदी शेवटी.

"आणि बोलून झालं की वायाता (गाणं) लागतं. तुझ्या बाजूच्या लोकांनी तुझ्यामागे उभं राहून म्हणायचं."

"माझ्या बाजूला कोण आहे?"

"मी," नचिकेत म्हणाला. "पण मला गाता येत नाही. मी टाळ्या वाजवतो. स्वीट अ‍ॅज (एकदम झकास)!"

शुक्रवारी सगळे जमले. विरेमू नावाचे पांढऱ्या केसांचे आजोबा यजमानांच्या वतीनं बोलले, त्यांची माणसं उभी राहून गायली आणि माझ्या अंगावर काटा आला. मग माझी पाळी. आता गंमत अशी की असली ओळख आपल्याला काही नवी नाही. पूजेला बसलं की गुरुजी संकल्पात आधी नदीच सांगतात, गोदावरीचा दक्षिण तीर. माझा एकदम गुरुजीच झाला. सिंहगड माझा डोंगर, मुठा माझी नदी, जेजुरीचा खंडोबा आमचं कुलदैवत, असं करत करत मी मावशी, आत्या, त्यांची सासरं इथपर्यंत पोचले. नचिकेतनं मागून हळूच चिमटा काढला.

मग गाणं. आदल्या संध्याकाळी पाठ केलेलं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलेलं. सगळे वाट बघतायत. आणि माझ्या तोंडून बाहेर पडला तो आमच्या घरचा पाळणा! आईच्या बारशाला आजीनं याच गावात स्वतः रचलेला. आमच्या घरी कुणाचंही बारसं असो, आई तोच म्हणते.

पहिल्या दिवशी धुकं दाटलं,
नदीच्या काठी बाळ भेटलं.
दुसऱ्या दिवशी जोनबाई आल्या,
लोकरीची टोपी देऊन गेल्या.

जोनबाई म्हणजे आजीच्या इथल्या शेजारीणबाई. नचिकेत टाळ्या वाजवत होता, समोरचे डोलत होते, आणि तिसऱ्या कडव्याला माझी गाडी अडली. काही केल्या आठवेना. मी तिथेच हात जोडून हसत सुटले.

विधी संपल्यावर चहा घेताना विरेमू आजोबांनी विचारलं, "गाण्यातलं बाळ कोण?"

"माझी आई. याच गावात जन्मली."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग ती कुठे आहे? तू पाहुणी म्हणून आलीस, तुझं स्वागत झालं. ती पाहुणी नव्हे. तिनं फक्त परत यायचं आहे."

मला एकदम रडूच आलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते.

नचिकेतनं केलेलं चित्रण आईला पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "तिसरं कडवं कुठे गेलं?"

"विसरले."

"बारशाला काय फक्त घुगऱ्या खायला येत होतीस?" असं म्हणून तिनं ते म्हणून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस फार,
बाळाचं माहेर नदीकिनार.

म्हणून झाल्यावर तिनं शेवटची ओळ पुन्हा म्हटली. मी तिला विरेमू आजोबांचं बोलणं सांगितलं.

"इतकी वर्षं म्हणतेय," ती म्हणाली, "पण हे बाळ म्हणजे मी, हे कधी मनातच आलं नाही गं." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "पण माहेरी असं फोनवर बोलावून जात नसतात. न्यायला मुराळी यावा लागतो."

दिवाळीला मुराळी होऊन मी पुण्याला गेले. तिच्या इथल्या पासपोर्टाची खटपट होईपर्यंत एकदा परतले, पुन्हा गेले. लेकीनं आईला माहेरी न्यायची म्हणजे उलटी गंगा, पण गंगेला काय, वाहण्याशी मतलब. परदेशी जाताना आपण मागे काय राहिलं तेवढंच मोजत बसतो. आपलं काही तिकडेही कधीचं वाट बघत असेल, हे मला आईनं शिकवलं, आणि तेही स्वतः नको नको म्हणत.

ऑकलंडला उतरलो तेव्हा आईच्या पायात नवे बूट होते आणि बॅगेत चार प्रकारची भाजलेली पिठं. खिडकीतल्या माणसानं तिचा पासपोर्ट उघडला, जन्मगाव वाचलं आणि वर बघून म्हणाला, "वेलकम होम."

आईनं मागे वळून पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "हो, आले रे बाबा."