जेवणाच्या रांगेतलं मोरिन खूर

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळाची मला शिसारी बसली ती दोन हजार सहाच्या दिवाळीत. त्याआधी राग यायचा, कंटाळा यायचा. पण राग आणि कंटाळा पोटात घेऊन माणूस दर गणपतीला, दर संक्रांतीला जातच राहतो. शिसारी बसली की पाय उचलत नाही.

आमच्या अपार्टमेंटमध्ये बरोबर माझ्या खाली एक मंगोलियन जोडपं राहायचं. नवरा पन्नाशीचा, दिवसभर लोकांच्या घरी कार्पेट घालायचा. गुडघे सुजलेले, बोटं राकट. उलानबातारला असताना तो थिएटरच्या वाद्यवृंदात मोरिन खूर वाजवायचा. हे दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. मानेच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं, आणि ताराही घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या. पहिल्यांदा तो आवाज जमिनीतून वर आला तेव्हा मी खाली गेलो. त्याला वाटलं तक्रार घेऊन आलोय, दार उघडल्या उघडल्या ‘सॉरी, सॉरी’ करायला लागला. मी म्हटलं, ‘थांबू नका. ऐकायला आलोय.’

दारासमोरच्या भिंतीशी एक बुटकं कपाट होतं आणि त्या कपाटावर वाद्याची जागा. घोड्याच्या गळ्यात निळा रेशमी पट्टा. आपल्याकडे देव असतात तशी ती जागा. तिच्याकडे पाय करून तो कधी बसला नाही. त्याची बायको मिठाचा, दुधाचा चहा द्यायची. पहिला घोट मी कसाबसा गिळला. महिनाभरात मागून प्यायला लागलो.

तो काही जुनंच तेवढं चांगलं म्हणणाऱ्यातला नव्हता. त्याच्या भाचीचा तिकडे रॅपचा बँड होता. ड्रम, गिटार, मध्येच मोरिन खूर, आणि एक पोरगा घशातून एकाच वेळी दोन सूर काढतोय. ती सीडी लावून हा मान डोलवत बसायचा. ‘डिस्कोत वाजवू दे, स्टेडियममध्ये वाजवू दे,’ म्हणायचा, ‘समोरचा ऐकतोय ना, मग झालं.’

तरी स्वतः मात्र सहा वर्षांत लोकांसमोर वाजवलं नव्हतं. कारण त्यानेच सांगितलं. अमेरिकेत आल्या आल्या एका ‘मंगोलियन बार्बेक्यू’वाल्याने त्याला कामावर ठेवलं होतं. मोठ्ठा गोल तवा, त्यावर नूडल्स परततात, त्या पदार्थाचा मंगोलियाशी काडीचाही संबंध नाही. तिथे केसाळ टोपी घालून तव्याशेजारी वाजवायचं. लोक तोंडात घास धरून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. त्याच्या घरी रिवाज असा, की ‘उर्तिन दू’ म्हणजे लांब गाणं सुरू झालं, की ताटातला हात ताटातच थांबतो. एक शब्द एवढा ताणतात, की ऐकणाऱ्यालाही श्वास धरावा लागतो, चावणार कसं? तिसऱ्या दिवशी त्याने टोपी काढून तव्याच्या कडेला ठेवली आणि घरी आला. खाणाऱ्या माणसांपुढे पुन्हा वाजवायचं नाही, असं बायकोला सांगून टाकलं.

हे सगळं ठाऊक असूनही मीच त्याच्या मागे लागलो. आमच्या दिवाळीला या, वाजवा.

‘लोक बसतात? खुर्च्या असतात?’ त्याने विचारलं.

‘असतात.’

‘जेवण?’

‘जेवण नंतर. तुमचं आधी. आमची माणसं ऐकणारी आहेत, शब्द देतो.’

तो म्हणाला, ‘तू म्हणतोस तर.’

मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर पहिलाच विनोद, ‘बाप रे, चंगीझ खान! तलवार बाहेर ठेवायला सांगा हं!’ सगळे खो खो हसले. सांस्कृतिक सचिव पुण्याच्या, एका बड्या कंपनीत मॅनेजर. त्या म्हणाल्या, ‘टोपी घालून येतील ना? फोटो मस्त येतील यार.’ अध्यक्ष काका तीस वर्षांपूर्वी आलेले डॉक्टर, आता निवृत्त. त्यांनी विचारलं, ‘चायनीजच की ते?’ मी नाही म्हटलं. ‘तेच ते,’ म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. वीस मिनिटं, मुलांच्या नाचानंतर, जेवणाआधी. मी दोनदा वाचून खात्री केली.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात, दुपारी. तो साडेतीनलाच आला. निळा देल घातलेला, म्हणजे त्यांचा कमरेला पट्टा बांधायचा लांब झगा. दाढी घोटून केलेली. बायकोलाही आणलं होतं. दोघं पहिल्या रांगेत ताठ बसली.

आमचं सगळं नेहमीप्रमाणे उशिरा. भाषणं लांबली. मुलांचे नाच झाले, मग ज्यांच्या मुलांना नाचात घेतलं नव्हतं त्यांच्या समाधानासाठी फॅन्सी ड्रेस झाला, मग आयांचा फॅशन शो. साडेपाचला मागून मसालेभाताचा वास यायला लागला आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सचिवबाई माझ्याकडे धावत आल्या.

‘अरे, वेळच नाही उरला. त्यांना जेवणाच्या वेळी वाजवू दे ना. बॅकग्राउंडला. ॲम्बियन्स छान येईल.’

‘त्यांना मी शब्द दिलाय. जेवणाआधी म्हणून.’

‘मग काय कॅन्सल करू? बघ बाबा, लोक भुकेलेत.’

मी काकांकडे गेलो. त्यांच्या हातात ताट आलेलंही होतं. ‘अरे, त्यात काय एवढं?’ श्रीखंडाचं बोट चाटत ते म्हणाले. ‘वाजंत्री पंगतीलाच वाजवतात. आपली परंपराच आहे ती.’

परंपरा मला माहीत होती. माझे वडील लग्नांत सनई वाजवायचे. पंगती उठेपर्यंत मांडवाच्या तोंडाशी बसून वाजवायचं, आणि शेवटची पंगत उठली की घरून नेलेल्या भांड्यात वरून वाढलेलं घ्यायचं. आतल्या माणसांना भांडं लागू नये म्हणून वरून. त्या सनईवर माझी इंजिनिअरिंगची पदवी झाली, आमच्या घरातली पहिली. मंडळात कुणी विचारलं तर मी ‘वडिलांची शेती’ म्हणायचो. शेती पाऊण एकर होती.

त्या क्षणी काकांना ऐकवायला हवं होतं. मी ऐकवलं नाही. मी गेलो आणि शेजाऱ्याला म्हणालो, ‘दहाच मिनिटं. ते जेवत असतील, पण ऐकतील.’

त्याने खाण्याच्या टेबलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाद्याची पेटी उचलली.

त्याला जागा दिली ती वाढण्याच्या टेबलाच्या शेवटी, कचऱ्याच्या डब्याला लागून. त्याने खुर्ची सरकवली, पेटी उघडली, गजाला राळ लावली आणि लांब गाणं सुरू केलं. मी भिंतीशी उभा. तो सूर वर चढतोय आणि खालून माणसं बोलताहेत, ‘पापड संपले का हो?’, ‘एक्स्क्यूज मी, जरा खुर्ची मागे घ्या ना,’ ‘मॉम, इट्स सो स्लो!’ ग्रेव्हीचे ओघळ कागदी ताटांतून फरशीवर, गुलाबजामच्या पाकावर बुटांचे चिकट ठसे. एका बाईंनी पोराला त्याच्या शेजारी उभं करून फोटो घेतला. पोराच्या तोंडातली पुरी अर्धी बाहेर. लोक डब्यात ताटं टाकत होते आणि डबा भरला होता. एका गृहस्थांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आपलं उष्टं ताट, आमटी, चोखलेल्या शेंगा, चुरगळलेला नॅपकिन, सगळ्यासकट, वाद्याच्या उघड्या पेटीत ठेवलं. आत लाल मखमल होती.

सूर मध्येच तुटला.

‘व्हाय स्टॉप? गो ऑन, गो ऑन! व्हेरी नाइस!’ काका तिकडून हात हलवत ओरडले.

त्याची बायको उठून आली. तिने ताट काढलं, डब्यावर ठेवलं आणि स्वतःच्या बाहीने मखमल पुसायला लागली. आमटी पसरत गेली. मी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही. वाद्य तसंच उघडं, मुलासारखं छातीशी धरून तो पार्किंगमध्ये आला. रिकामी पेटी मी आणली. तिघं गाडीतून घरी आलो.

उतरताना तो म्हणाला, ‘त्या म्हाताऱ्याने सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तू सांगितलंस म्हणून वाजवलं.’

चार दिवसांनी मंडळाची मेल आली. केटररचे आभार, डेकोरेशनचे आभार, आणि ‘जेवणाची लज्जत वाढवणारे आपले मंगोलियन मित्र’ यांचे आभार. त्या लज्जत शब्दाने माझं डोकं फिरलं. सगळ्यांना जाईल असं उत्तर लिहिलं. मी वाजंत्र्याचा मुलगा आहे, उष्टं ताट कुठे ठेवलं गेलं, वाजवणाऱ्याला तुम्ही काय समजता, सगळं नावं न घेता पण सोलून लिहिलं. सभासदत्व सोडलं.

संध्याकाळी काकांचा फोन. आवाज लोण्यासारखा. ‘अरे, आधी नाही का सांगायचं? वडील येतात का इकडे? पुढच्या दिवाळीला त्यांची सनई ठेवू. दारातच बसवू या, लोक आत येताना.’

मनापासून बोलत होते ते. तेच मला जास्त किळसवाणं वाटलं. मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी शेजारी खाली ट्रकमध्ये कार्पेटचे गुंडाळे चढवत होता. मी दुसरं टोक धरलं आणि त्याला मेलबद्दल सांगितलं, जरा ऐटीतच. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘मला दहा मिनिटं वाजवा म्हणून सांगायला तू आलास, ते लिहिलंस?’

‘नाही.’

त्याने गुंडाळा आत ढकलला, दोर आवळला आणि दुसरा उचलायला वळला. या वेळी त्याने दोन्ही टोकं स्वतःच धरली.