मेन काढलंय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि एरवी तिला मी काय सांगत नाही? तुम्हाला सांगतोय खरा, पण तुमच्यावरही माझा पुरता भरवसा आहे असं समजू नका. म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात आलेला माल तपासून घेण्यात माझी उमर गेली. पेटी सीलबंद असली तरी उघडून बघायची, हे माझं काम. ते काम माझ्याबरोबर घरीही येतं. दूधवाला हसला तरी मी विचार करत बसतो, हा आज का हसला?

तर अरुणराव. माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा. साताऱ्याचे, तिथल्याच एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. आम्ही म्हैसूरचे मराठी; आमचे आजे-पणजे इथे कापड रंगवायचे. आमची कानडीमिश्रित मराठी ऐकून तिकडची माणसं गालातल्या गालात हसतात. अरुणराव कधी हसले नाहीत. उलट आईला आमचे शब्द विचारून घ्यायचे आणि मुद्दाम वापरायचे. मला तेही खुपायचं — एवढी गोडी कशासाठी? त्या खेपेला दोघं आठ दिवसांसाठी आले, तेव्हा मी धरूनच चाललो होतो की हे आईला न्यायला आलेत. आई मुलीकडे राहायला गेली, तर लोक काय समजतील? मुलानं नीट सांभाळलं नाही, असंच ना?

आणि मग तो सॉकेट.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर, भिंतीवर, मीच बसवलेला. मिस्त्री फसवतात, साध्या कामाला अर्धा दिवस लावतात, म्हणून मी मिस्त्री बोलावतच नव्हतो. अर्थिंगची हिरवी तार तोकडी पडली, ती मी आत दुमडून टाकली. लाल-काळीची अदलाबदलही झाली होती — हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. फ्रिजच्या दाराला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या. मी तिला सांगितलं होतं, चप्पल घालून उघड. हा माझा उपाय!

रविवारी सकाळी अरुणरावांच्याच हाताला त्या झिणझिण्या आल्या. ते म्हणाले, सॉकेटच्या मागे बघू या. शोभा आणि माझी बायको देवळात गेल्या होत्या. अरुणरावांनी फ्रिजचा प्लग काढला, माझा टेस्टर मागितला, आधी बाहेरच्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये घालून दिवा लागतो ना ते पाहिलं. माझ्याच घरात माझाच टेस्टर तपासून घेतात म्हणून मी आतल्या आत धुमसलो. आता कळतं की शहाणा माणूस तेच करतो. मग त्यांनी आईला विचारलं, "मेन बंद करा, याला तुमच्यात काय म्हणतात हो?"

"मेन काढ म्हणायचं. अष्टे, एवढंच," आई म्हणाली.

"दादा, तेवढं मेन काढता का?" ते मला म्हणाले, आणि हसले.

मी निघालो. मीटरचा बोर्ड जिन्याखाली आहे, दहा पावलांवर. पण दाराबाहेर पडताच आतून त्यांचा आवाज हळू झाला — कुजबुजल्यासारखा. मी थांबलो. दाराआड उभा राहिलो. ते आईला म्हणत होते, "दादांना काही कळू देऊ नका."

बस. एवढंच ऐकलं. मला काय वाटलं असेल, सांगायला हवं का? गाडीची तिकिटं काढून झाली असणार, आईनं होकार दिला असणार, आणि मला बोर्डाकडे पिटाळलं ते याच्यासाठी. पुढचं ऐकायला मी कान दिला. पुढचं ऐकूच आलं नाही. आणि तेवढ्यात आतून हाक आली, "दादा, काढलंत का मेन?"

मी दारापासून दोन हातांवरच होतो, बोर्डापर्यंत पोचलोच नव्हतो. कबूल केलं असतं तर दाराआड ऐकत होतो हे उघडं पडलं असतं.

"काढलंय," मी म्हणालो.

त्यांनी स्टुलावर चढून टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, करंट असतो तो तिथेच. दिवा लागला नाही — कसा लागणार? माझ्या उलट्या जोडणीनं करंट डाव्या तारेत येऊन बसला होता, बटण बंद असलं तरीही. एरवी ते तिन्ही भोकं तपासतात. त्या दिवशी नाही तपासली, कारण मी सांगितलं होतं. स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली, आणि मला फक्त स्टूल पडल्याचा आवाज आला.

ओट्याच्या कडेवर अरुणरावांचा खांदा आदळला होता. बोटं भाजली ती भरून आली; खांदा नाही आला. उजवा हात आजही छातीच्या वर जात नाही. कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हाताचा कारागीर माणूस, आता पावत्या फाडतो.

दवाखान्यात शोभा माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी ते वाक्य बोललो. आमच्यात 'दार काढ' म्हणजे दार उघड, 'नळ काढ' म्हणजे नळ सोड — मला वाटलं, मेन काढ म्हणजे चालू ठेव! किती चटकन सुचलं बघा. शोभाचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, तीही क्षणभर घोटाळली. पण आमच्या घरात मेन काढ म्हणजे बंदच. चिनीमातीचे फ्यूज हातानं उपसून काढायचे, तेव्हापासून बंदच. आईनंच ते तासाभरापूर्वी सांगितलं होतं, माझ्यासमोर.

मी आईकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "होय की. आमच्यात बोलतेत तसं पण."

अरुणरावांनी ते लगेच मानलं. वर मलाच समजावलं — दादा, मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावायचा नसतो, चूक माझीच.

ते काय कुजबुजले होते, ते आईनं मला नंतर सांगितलं, मी न विचारता. जोडणी उलटी असणार असा त्यांना संशय आला होता. ती गुपचूप नीट करून प्लेट लावून टाकणार होते, म्हणजे मला खाली बघावं लागू नये. साताऱ्याचा विषयच नव्हता.

तो आईनं काढला. चार दिवसांनी ती म्हणाली, मी शोभाकडे जाते, त्यांच्या घरात आता दोन हात हवेत. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

स्टेशनवर शोभा डब्यात सामान लावत होती. अरुणराव गळ्यात अडकवलेला हात सांभाळत आईशेजारी उभे होते. आईनं माझ्या गालाला हात लावला आणि कानडीत म्हणाली — कानडी त्यांना कळत नाही — "ननगे गोत्तु." मला माहीत आहे.

अरुणरावांनी हसून विचारलं, "काय म्हणाल्या हो, दादा?"

मी म्हणालो, "तब्येतीला जप म्हणतेय."