शेषरावमामांचा तुकडा

चार नंबरचा कॉम्प्युटर धम्मानंदनं जाळला आणि आळ शेषरावमामांनी स्वतःवर घेतला.

वसमतच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. आत दहा मशिनी आणि त्यांची दहा कापडी कव्हरं. संध्याकाळी पाचला प्रयोगशाळेचे शिपाई शेषरावमामा एकेका मशिनीला कव्हर घालायचे, खाली नाडी बांधायचे, मग दाराला कुलूप. धम्मानंद तिथला तासिकेवरचा शिक्षक. नांदेडला शिकून आलेला, आणि हे तो दर अर्ध्या तासानं कुणाला तरी सांगायचा. त्यानं दहाही मशिनींवर एक प्रोग्राम टाकला. मशीन रिकामी असली की तो जगभरातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातलं थोडं गणित सोडवायचा. पडदे तेवढे बंद केले. मामांना सांगायचं मात्र त्याच्या नांदेडी डोक्यात आलं नाही.

पडदे काळे दिसले, मामांनी कव्हरं घातली. आत मशिनी पूर्ण ताकदीनं चाललेल्या, वरून जाड कापड, खाली नाडीची पक्की गाठ. सकाळी चार नंबरमधून जळकट वास येत होता.

प्राचार्या वासंती मॅडम दारातच थांबल्या. "हे कुणी केलं?"

"माझ्याच हातून झालं असंल मॅडम," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षांत पहिली बारी."

धम्मानंद तेव्हा की-बोर्ड पुसत होता. तो आधीच पुसलेला होता. खरं सांगायचं धाडस गोळा करायला त्याला दुपार झाली. मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "सोमवारपासून ऑनलाइन परीक्षा आहेत. शनिवारी संध्याकाळी ते जे काय आहे ते सगळं काढायचं," एवढंच म्हणाल्या.

आता मामांची माफी मागणं आलं. मामा मागच्या खोलीत काचपट्ट्या धूत होते. धम्मानंदनं दोन वाक्यं तयार करून आणली होती. पहिलं अर्धं झालं तोच मामांनी थांबवलं.

"ते राहू द्या सर. मला एक सांगा, ते रातभर काय करीत होतं?"

धम्मानंदनं सांगायला घेतलं. मातीत, समुद्रात, माणसाच्या पोटात कोट्यवधी प्रकारचे जीवाणू आहेत. प्रत्येकाच्या आत चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ असते. तिचा एकेक तुकडा म्हणजे जीन, आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. पण कोणता तुकडा कसलं प्रथिन करतो, हे बहुतेकांचं माहीत नाही. म्हणून नवा तुकडा आजवर माहीत असलेल्या सगळ्या तुकड्यांशी ताडून बघायचा. हे काम एवढं मोठं की एका ठिकाणी उरकतच नाही.

"म्हणून वाटून देतात," मामा म्हणाले. "मोंढ्यात हळदीचा ढीग एक, निवडायला बाया चाळीस. तसंच का?"

"बराबर तसंच," धम्मानंद म्हणाला, आणि पुढचं वीस मिनिटांचं भाषण त्याला गिळावं लागलं.

मामा जवळा बाजारचे. दहावी झालेले. रोज पहिल्या एसटीनं यायचे. सव्वीस वर्षं पोरांना सूक्ष्मदर्शक लावून दिला. नेमकं दिसेल असं भिंग जुळवायचं आणि बाजूला व्हायचं, हीच नोकरी. शनिवारी, एकतीस जानेवारीला, ती संपणार होती.

हात पुसत ते म्हणाले, "त्यातला एक तुकडा माझ्या नावानं लावता येतो का? जायच्या आधी पुरा झाला पाहिजे पण."

बुधवारी दुपारी बाराला बाकीच्या मशिनींवरचं काम थांबवलं आणि दोन नंबरच्या मशिनीवर शेषराव या नावानं तुकडा लागला. पडद्यावर आलं, अंदाजे सत्तर तास. धम्मानंदनं बोटांवर हिशोब केला. शनिवारी सकाळी दहा. मॅडमच्या मुदतीत बसत होतं.

राहिला प्रश्न कव्हराचा. मशीन उघडी टाकून घरी जाणं मामांना जमेना. ते कव्हर घरी घेऊन गेले. रूपाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मागची शिवण उसवून काठ दुमडून दिले. गुरुवारी दोन नंबरची मशीन पाठ उघडी टाकून बसली.

"ब्लाउज शिवलाय जणू," धम्मानंद म्हणाला.

"तुमच्यापायी शिवावा लागला सर," मामा म्हणाले.

शुक्रवारी लाईनच्या कामासाठी सात तास लाईट गेली. लाईट आल्यावर हिशोब होता तिथून पुढे सुरू झाला, पण आता तो संपणार होता शनिवारी संध्याकाळी पाचच्या पुढे. आणि पाचला मामांचा निरोप समारंभ, तो उरकला की सगळं काढून टाकायचं.

समारंभ खोलीसमोरच्या व्हरांड्यात झाला. शाल, नारळ, मॅडमचे चार शब्द. धम्मानंद मुद्दाम दारात उभा राहिला, तिथून पडदा दिसत होता. मामा बोलायला उठले तेव्हा त्यानं बोटांनी दाखवलं, नव्व्याण्णव टक्के.

तीन वाक्यांवर कधी न गेलेला माणूस त्या दिवशी चाळीस मिनिटं बोलला. बेडकापासून सुरू करून कांद्याच्या पापुद्र्यावर आला. मग ताकाच्या काचपट्टीवर. "पोरं गेल्यावर धुवायच्या आधी मी एकदा बघून घ्यायचो. दरसाल. कुणी म्हणलं न्हाई बघा म्हणून, पण कुणी न्हाई बी म्हणलं न्हाई." मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. हे ऐकल्यावर तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

पावणेसहाला धम्मानंदनं हात वर केला. मामांनी वाक्य अर्ध्यातच सोडलं, आभार मानले आणि शालीसकट आत आले.

पडद्यावर होतं: उत्तर पोचलं. खाली बारीक अक्षरात: पडताळणी बाकी.

"हे काय आता?"

"एकच तुकडा दोघांना देतात मामा. दोघांची उत्तरं जुळली तरच खरं धरतात. दुसऱ्याचं अजून आलं न्हाई."

"कोण हाय दुसरा?"

"ते माहीत नसतं."

मग मॅडमच्या सांगण्याप्रमाणे प्रोग्राम काढला गेला.

उत्तराचं काय झालं ते धम्मानंदला मोबाईलवर दिसत राहतं. त्यामुळे दर आठवड्याला जवळा बाजारहून फोन येतो.

"आलं का त्याचं?"

"न्हाई मामा. त्याची मुदत संपली. आता तिसऱ्याला दिलंय."

"आन् त्या दुसऱ्याला काय झालं असंल? बरा हाय ना तो?"

धम्मानंदला हे कुठं विचारावं ते अजून सापडलेलं नाही. तिसऱ्याचं उत्तरही यायचंय.